बांध

काही शब्द आपला मुलूख सोडल्यावरच नीट ऐकू येतात. गेल्या वर्षापासून मी हैदराबादेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहते आहे. माझ्या वर्गात तेलुगू, उडिया, बंगाली, मल्याळम बोलणारी मुले आहेत. मराठी कोणीच नाही. त्यामुळे एखादा मराठी शब्द तोंडून गेला की त्याची फोड करून सांगावी लागते, आणि फोड करता करता ज्या शब्दाला जन्मभर गृहीत धरून चालले तो एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखा समोर उभा राहतो. ‘मर्यादा’ या शब्दाचे असेच झाले.

भारतीय स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर चर्चा चालली होती. राससुंदरी देवींचे ‘आमार जीबन’ हातात होते. एकोणिसाव्या शतकातील ही बंगाली गृहिणी पोथीचे पान स्वयंपाकघरात लपवून, चोरून, आपली आपण वाचायला शिकली. तिने एक प्रसंग सांगितला आहे. पतीचा घोडा अंगणात आला असता तिला त्याच्यासमोर जाता येईना. घोडा झाला तरी तो ‘कर्त्यां’चा घोडा! पुढे त्या भीतीचे तिचे तिलाच नवल वाटले. मुले हसली आणि लगेच गप्प झाली. एका विद्यार्थिनीने विचारले, घोड्यापुढे सुद्धा न जाण्याच्या या भावनेला मराठीत काय म्हणाल? मी म्हटले, ‘मर्यादा’. मग ती म्हणाली, आणि हल्ली सगळे जिला ‘बाउंड्री’ म्हणतात, दुसऱ्याच्या जाचापासून स्वतःला राखण्यासाठी माणूस स्वतःच आखतो ती रेघ, तिला? थोडा विचार करून मी म्हटले, ‘मर्यादा’च. वर्ग पुन्हा हसला.

हसण्यासारखेच आहे ते. संस्कृतात मर्यादा म्हणजे सीमा, काठ. समुद्र आपली मर्यादा ओलांडत नाही, असे कवी म्हणतात. मराठी मुलीच्या कानावर मात्र हा शब्द पडतो तो आज्ञार्थातच. मर्यादेने वाग, मर्यादा सोडू नकोस. रेघ आखणारा दुसरा कोणी असतो आणि रेघेच्या आत उभे राहायचे ते आपण. उलट, सुनेने सासूला किंवा पुतणीने आत्याला ‘इथवर, यापुढे नाही’ असे शांतपणे सांगितले, तर त्या कृतीला आपल्याजवळ जे शब्द आहेत ते सगळे दूषणाचे आहेत : तोडून बोलणे, तुसडेपणा, शिष्टपणा, माणूसघाणेपणा. शेताच्या हद्दीसाठी आपल्याकडे बांध आहे, गावासाठी शीव आहे, वेस आहे, वाडीला कुंपण आहे. माणसामाणसांत मात्र एक तर आपलेपणा, नाही तर तुटकपणा. मधल्या जागेला नाव नाही.

हा केवळ भाषाभ्यासाचा प्रश्न असता तर मी त्यावर एखादा निबंध लिहून मोकळी झाले असते. पण मला आत्या आहे.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण आज त्र्याऐंशी वर्षांची आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी ती विधवा झाली. त्यानंतर सत्तावीस वर्षे तिने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मास्तरकी केली, भावाच्या संसाराला हात दिला, आणि चार वर्षांची असताना मला मांडीवर घेऊन बाराखडी शिकविली. माझ्या हातातले पहिले पुस्तक तिचे. तिची स्मरणशक्ती विलक्षण आहे. पण त्या स्मरणशक्तीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासारख्या नोंदी आहेत. कोणाच्या लग्नात कोणी तिला हलक्या प्रतीचे पातळ नेसवले, कोणत्या बारशाला तिला उशिरा बोलावले, कोण तिच्या आजारपणात दारावरून गेले आणि आत आले नाही, हे सर्व फेरफारासकट तिच्याजवळ आहे. सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली, आणि तेव्हापासून रोज रात्री साडेआठला आत्याचा फोन येऊ लागला. सुरुवात ‘जेवलीस का?’ ने होई. मग शेजारी, पाणी, गॅस, नातेवाईक. आणि शेवटी, न चुकता, आईचे आजारपण. मी त्या वेळी जवळ किती दिवस होते आणि किती असायला हवे होते, याचा हिशेब. पाऊण तास कसाही जाई. फोन ठेवल्यावर मांडीवरचे पुस्तक उघडे असे, डोळे ओळीवरून फिरत, आत काही जात नसे. शब्द तर मला तोंडपाठ झाले होते. त्यांनी मागे ठेवलेला गाळ तेवढा झोपेपर्यंत ढवळत राही.

माझ्या दोन चुलत भावंडांनी यावर आपापले उपाय शोधले आहेत. एकाने आत्याचा क्रमांकच बंद करून टाकला. दुसरी फोन ओट्यावर ठेवते, भाजी निवडते आणि मधून मधून ‘हूं’ म्हणते. दोघांविषयी मला राग नाही. पण मला ते दोन्ही जमणारे नव्हते. माझे वडील नऊ वर्षांचे असताना कसे होते हे ठाऊक असलेले या जगात दुसरे कोणी उरलेले नाही.

आपली सुभाषिते या ठिकाणी फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यांनी माणसांची सज्जन आणि दुर्जन अशी वाटणी करून ठेवली आहे आणि दुर्जनापासून दूर राहावे असा सल्ला दिला आहे. सल्ला रास्त आहे. पण ज्याच्यामुळे आपली झोप जाते तो माणूस बहुधा दुर्जन नसतो, तो आपला असतो. आणि आपल्या माणसासाठी लहानपणी जो आदर्श शिकविला गेला तो नाथांचा. पैठणला गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक जण थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो, नाथ पुन्हा जातात. अखेर थुंकणाराच शरमतो. ही आख्यायिका मी शाळेत ऐकली तेव्हा सर्वांबरोबर मीही भारावले होते. आज ती आठवते तेव्हा एक गोष्ट मनात येते, जी सांगणाऱ्या बाईंनी सांगितली नव्हती. नाथांच्या पाठीशी गोदावरी होती. जितक्या वेळा मळ लागला तितक्या वेळा जायला दोन पावलांवर वाहते पाणी होते. ज्यांच्या घराजवळ नदी नाही त्यांना आपण ही कथा कितीदा ऐकवली, आणि त्यांनी ती ऐकून किती सोसले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

गोदावरी म्हणजे काय, हा मग प्रश्न येतो. इथे मला पतंजलींच्या एका सूत्राने वाट दाखविली. योगसूत्रांच्या पहिल्या पादातील तेहतिसावे सूत्र प्रसिद्ध आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यशीलाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यशीलाविषयी उपेक्षा, अशा चार भावनांच्या अभ्यासाने चित्त प्रसन्न होते, असा त्याचा आशय. बौद्ध परंपरेत हेच चार ब्रह्मविहार. मला विशेष वाटले ते असे की, तीन प्रसन्न वृत्ती आणि एक सीमारेषा ही सूत्रकाराने एकाच दोऱ्यात ओवली आहेत. आज ज्यांचा बाजार निरनिराळ्या दुकानांत मांडलेला दिसतो, एकीकडे आनंदी राहा, दुसरीकडे नकार द्यायला शिका, ती त्याच्या दृष्टीने एकाच साधनेची अंगे होती.

पण ‘उपेक्षा’ या शब्दापाशी मराठी वाचक अडखळतो. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे अवहेलना, हेळसांड. श्री. म. माट्यांनी ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहिले ते ज्यांच्याकडे समाजाने पाहिलेच नाही त्यांच्याविषयी, आणि तो अर्थ आता मराठीत पक्का झाला आहे. मूळ धातू मात्र पाहण्याचा आहे : उप आणि ईक्ष्. जवळून पाहणे, पाहणे आणि तरी ओढले न जाणे. पाठ फिरविणे हा त्याचा अर्थ नव्हता. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिताना या चारही वृत्तींचे शत्रू सांगितले आहेत, प्रत्येकीचा एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू उघड असतो. जवळचा धोकेबाज, कारण तो दिसायला त्या वृत्तीसारखाच असतो. उपेक्षेचा दूरचा शत्रू म्हणजे आसक्ती आणि चीड. जवळचा शत्रू म्हणजे अजाण बेफिकिरी. ओट्यावर ठेवलेला फोन आणि ‘हूं’ मला आठवला तो इथे.

आणखी एक. आत्याला अपुण्यशील म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि सूत्राचा तसा अर्थ लावणे मला भागही वाटत नाही. सुखी, दुःखी, पुण्यवान आणि अपुण्यवान अशी चार निरनिराळी माणसे असतात, असे टीकाकार धरून चालतात. माझा अनुभव असा की, साडेआठ ते सव्वानऊ या पाऊण तासात ही चारही माणसे एकाच आवाजात बोलत असतात. तिच्या पपईला फळ धरले म्हणून ती सुखी असते. गुडघ्यामुळे आणि एकटेपणामुळे दुःखी असते. शाळेतल्या एका पोराला तिने स्वतःच्या पगारातून वह्या घेऊन दिल्या, हे सांगताना पुण्यवान असते. आणि आईच्या आजारपणाकडे वळली की त्या दहा मिनिटांपुरती निर्दय असते. मग मैत्री, करुणा, मुदिता या तिच्या तीन हिश्शांच्या वाट्याला गेल्या पाहिजेत, आणि उपेक्षा चौथ्याच्याच. रेघ आखायची ती माणसाभोवती नव्हे, एका वागण्याभोवती.

ही रेघ कशी असते, हे सांगायला मला अखेर शेताकडेच वळावे लागले. आमचे मूळ गाव माणदेशाच्या अंगाला, पर्जन्यछायेतले. कोरडवाहू जमीन, आणि भावकीत बांधावरून भांडणे. बांध कोरणे हा आपल्या भाषेतला फार अचूक प्रयोग आहे. शेजारी एका रात्रीत बांध फोडत नाही. पेरणीच्या वेळी नांगराचे एक तास अलीकडे घेतो, इतकेच. पुढच्या वर्षी आणखी एक. पंधरा वर्षांनी पाहावे तर सरीभर रान पलीकडे गेलेले असते, आणि नेमके कोणत्या वर्षी गेले ते कोणालाच सांगता येत नाही. आत्याचा फोन आधी आठवड्यातून एकदा येई, पंधरा मिनिटे. वडील म्हणत, बांध कोरला जातो म्हणून शेजाऱ्याशी बोलणे सोडायचे नाही. पाऊसकाळ संपला की चार पाट्या माती आणि दोन दगड पुन्हा घालून यायचे, आणि घालताना त्याला रामराम करायचा.

बांध हद्द दाखवितो हे त्याचे अर्धेच काम. कोरडवाहू मुलखात बांध घालतात तो मुख्यतः पाणी आणि माती अडविण्यासाठी. उताराने धावणारे पाणी अडले की ते मुरते, आणि बरोबर आणलेली माती तिथेच ठेवते. इकडे तेलंगणात तर हे विश्वच त्यावर उभे आहे. काकतीयांच्या काळात, तेराव्या शतकाच्या सुमारास, रामप्पा, पाखाल यांसारखे जे तलाव बांधले गेले ते आजही पाणी देतात. २०१५ सालापासून राज्य सरकारने हजारो जुन्या तळ्यांतला गाळ काढण्याची मोहीम घेतली तिलाही ‘मिशन काकतीय’ असेच नाव दिले. या तळ्यांच्या बांधाला ‘कट्टा’ म्हणतात. आणि जास्तीचे पाणी जाण्यासाठी कट्ट्याच्या एका टोकाला ठेवलेल्या सांडव्याला इकडच्या बोलीत ‘मत्तडी’. हा शब्द मला पुस्तकात सापडला नाही. आमच्या अतिथिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तो दिला. भाद्रपदात एके दिवशी त्या सकाळच्या आल्याच नाहीत; दुसऱ्या दिवशी हसत सांगू लागल्या की गावच्या तळ्याची मत्तडी कित्येक वर्षांनी वाहू लागली, ती पाहायला सगळे गेले होते. केवढा तो आनंद! मी विचारले, मत्तडी नसती तर? त्या म्हणाल्या, मग कट्टा फुटेल. जणू हे कोणालाही ठाऊक असते.

प्रसन्न या शब्दाचा मूळ अर्थ स्वच्छ, निवळलेले. तो पाण्याचाच शब्द आहे. रामायणाच्या बालकांडात वाल्मीकी तमसेच्या काठी शिष्याला दाखवितात की हे पाणी सज्जनाच्या मनासारखे निर्मळ आहे, आणि लगेच क्रौंचवधाचा प्रसंग घडतो. शोक त्यांना टळत नाही. पतंजली ज्याला चित्तप्रसादन म्हणतात ते हेच निवळणे. वाहते, ढवळलेले पाणी निवळत नाही. ते कुठे तरी थांबावे लागते, आणि थांबण्यासाठी बांध लागतो. उलट, ज्याच्या आत पाणीच नाही असा बांध म्हणजे उन्हात पडलेला मातीचा ढीग. मला वाटते, नकार देण्याची कला शिकविणारी पुस्तके वाचून झाल्यावर अनेकांना जी एक कोरड जाणवते तिचे कारण हेच असावे.

पाश्चात्य मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर अलीकडे पुष्कळ काम केले आहे आणि त्यातले काही खरोखर उद्बोधक आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला आवडतो. विद्यार्थ्यांना थोड्याच वेळात भाषण तयार करायला सांगून त्यांची धडधड वाढविली, आणि मग कोणाला सौम्य गंमतीची, कोणाला शांत समाधानाची, कोणाला साधी, तर कोणाला दुःखाची चित्रफीत दाखविली. पहिल्या दोन गटांची हृदये लवकर ठिकाणावर आली. आनंदाने भीती टाळली नाही. तिचा मुक्काम कमी केला. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर त्यांना असेच दिसले की जी मुले लवकर सावरली त्यांनाही दुःख झालेच होते. पण त्या दुःखाशेजारी कृतज्ञता, कुतूहल, जिव्हाळा यांना जागा होती. पुढे मात्र हिशेबाचा मोह झाला. २००५ साली एका सहलेखकाबरोबर त्यांनी असे गणित मांडले की सुखद आणि दुःखद भावनांचे प्रमाण २.९०१३ च्या वर गेले की माणूस बहरतो. दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत! २०१३ मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन यांनी ते गणित पोकळ असल्याचे दाखविले आणि तो भाग मागे घ्यावा लागला. भावना मोजण्याच्या या हौसेची मला थोडी गंमत वाटते. पण मूळ निरीक्षणाला त्याने बाध येत नाही.

ते निरीक्षण मराठी वाचकाला नवे वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्याने वाचली आहेत त्याला ते फार पूर्वीच कळलेले असते. अवघड माणसांची एवढी रांग दुसऱ्या कोणत्या पुस्तकात असेल असे वाटत नाही. सोवळ्याने झपाटलेले, बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात न घेणारे वडील, करडे सासरे, आणि नारायण वामन टिळकांसारखा कवी पती, उदार, प्रेमळ, तापट, न सांगता घरातून निघून जाणारा, हाती आलेले वाटून टाकणारा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचे जग कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर, पंढरपुरादी ठिकाणी नातलगांत राहिल्या. मग अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्या आल्या. पण आल्या त्या आपल्या अटीवर. बिऱ्हाड वेगळे, चूल वेगळी.

समीक्षक बहुधा त्यांच्या सोशिकपणाची प्रशंसा करतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत सोसणे आहे. घरातल्या बायकांचा जाच त्यांनी उलट उत्तर न देता सोसला, कारण माधवरावांचा उपदेशच तसा होता. त्या मौनाला मी कमी लेखत नाही. पण लक्ष्मीबाईंचे काम निराळे आहे. त्यांची वेगळी चूल म्हणजे टिळकांचा त्याग नव्हता. टिळकांजवळ राहता यावे म्हणून ती होती. पती धर्म सोडून गेला तरी माझे मन अजून तिथे पोचलेले नाही; ते पोचेपर्यंत मी या बाजूला राहीन आणि तुम्ही या बाजूला येऊन बसा, असा तो करार. पुढे त्यांचे मन आपल्या गतीने बदलले, जातिभेद माणसाने केलेला आहे असे त्यांचे त्यांना उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बांध त्यांनी घातला आणि त्यांनीच काढला. आणि बांधाच्या आत काय होते? हसू. स्वतःवरचे, टिळकांवरचे, वडिलांच्या सोवळ्यावरचे. ते दुःख झाकण्यासाठी नव्हते. एकाच परिच्छेदात रडे आणि हसू येते आणि दोन्ही खरे असते. १९१९ साली टिळक गेले, आणि त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी हाती घेतले.

त्या चुलीमागे जातीचे सोवळे होते, हे मात्र विसरता येत नाही. आपल्या देशात सीमारेषांचे कुळ चांगले नाही. गावकुसाबाहेर कोण राहिले, पाण्यापासून कोणाला अडविले, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जगाला दाखविले. म्हणून कोणीही आपल्या सीमेविषयी अभिमानाने बोलू लागला की मी जरा सावध होते. पाणी धरून ठेवणारा बांध आणि दुसऱ्याला पाण्याशी येऊ न देणारा बांध दुरून सारखेच दिसतात. आणि हेही खरे की बांध घालायला आधी स्वतःचे रान लागते. ज्या मुलीचे संशोधन एका लहरी मार्गदर्शकाच्या सहीवर अडले आहे, ज्या सुनेला वेगळे दार नाही, तिला ‘रेघ आखा’ म्हणणे सोपे आहे. माझ्याजवळ माझे दार आहे, माझा पगार आहे, आणि आत्या चारशे किलोमीटरवर आहे. माझे अवघडपण त्यामानाने माफक, हे मी जाणते.

गेल्या आषाढात मी आत्याला सांगितले, “आत्या, आता तू फोन करू नकोस, मी करीन. बुधवारी आणि रविवारी, साडेआठला. तुला जे बोलायचे ते बोल. पण आईच्या आजारपणाविषयी मी बोलणार नाही. तो विषय निघाला की ‘येते’ म्हणून मी फोन ठेवीन. रागाने ठेवणार नाही.”

क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मला वेळापत्रक देतेस? मी सत्तावीस वर्षे शाळेची वेळापत्रके केली.”

तीन बुधवार आणि तीन रविवार तिने फोन उचलला नाही. नातलगांत तिने कळविले की मला हैदराबादचे पाणी लागले. ते तीन आठवडे सोपे नव्हते. ती जेवली असेल ना, हे मी शेजाऱ्यांकडून विचारून घेत होते. त्याच दिवसांत संध्याकाळी मी आमच्या स्वयंपाकीणबाईंकडून तेलुगू अक्षरे शिकू लागले. ती वाटोळी, नटवी अक्षरे गिरवताना, आणि मग एके दिवशी बसवरची पाटी आपली आपण वाचता आल्यावर, मला जो आनंद झाला तो कोणत्याही पदवीने दिला नव्हता. इथले उघडे खडक, त्यांच्यावर संध्याकाळी पडणारे तांबूस ऊन, चुकीच्या उच्चारावर बाईंचे खळखळून हसणे, एवढेच माझे पाणी. साडेआठ वाजेपर्यंत ते पुरेसे साठलेले असावे, एवढी काळजी मी घेऊ लागले.

चौथ्या बुधवारी तिने फोन उचलला. पहिली दहा मिनिटे मी तिला वाटेल ते बोलू देते. टँकर, गॅस, शेजारीण, सगळे जग त्यातून वाहून जाते. ती माझी मत्तडी. त्यानंतर मी वडिलांच्या लहानपणाविषयी विचारते आणि वही उघडते. कित्येकदा ती आईच्या आजारपणाकडे वळली आहे, आणि कित्येकदा मी ‘येते’ म्हणून फोन ठेवला आहे. पहिल्यांदा हात थरथरला होता. अजूनही तिचे एखादे तास अलीकडे सरकते आणि मला चार पाट्या माती घालावी लागते. वहीची सत्तर पाने मात्र भरली आहेत. पाटपाण्याचे, जात्याचे, बलुत्याचे असे कितीतरी शब्द तिच्याजवळ निघाले जे मी कोशातही पाहिले नव्हते. ते सांगताना तिचा आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत होतो.

गेल्या रविवारी तिने सांगितले की आमच्या खालच्या बांधावरची बोर आजोबांनी लावलेली नाही, तिने लावली आहे. घरातले सगळे तिला आजोबांची बोर म्हणतात, हे तिला आजही मान्य नाही. मी ते तारखेसह लिहून घेतले. मग जरा थांबून ती म्हणाली, “तुझी आई नवी नवरी म्हणून आली ना, त्या वर्षी पहिल्यांदा धरली होती. ओचा भरून बोरे आणली तिने, आणि निम्मी वाटेतच खाल्ली.”

विषय आईचा होता. मी फोन ठेवला नाही. नऊ वाजून गेले होते.